येतंय रे

त्या वर्षातल्या दुपारी मला अजून एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. सगळ्या मिळून एकच लांबलचक दुपार झाली आहे. पडवीत चटई, चटईवर मी, माझ्या पोटऱ्यांना पाठ टेकून तो, आणि माडांच्या पलीकडून समुद्राचा आवाज, कधी आहे कधी नाही असा. ओहोटीला तो आवाज इतका लांब जायचा की वाटायचं आपल्याला डुलकी लागली, आणि खरंच डुलकी लागली की तो पुन्हा जवळ यायचा. कुत्र्याचा श्वास आणि लाट यांचं काहीतरी आपसांत जमलेलं असायचं. यातलं कुठलं काय, हे ओळखायचा प्रयत्न करता करता मी झोपून जायचो. जाग यायची ती चहाच्या भांड्यांनी. बायको म्हणायची, "दोघांचा घोरणा एकच आसा. मी बाहेरसून ओळखूक शकत नाय."

हा कुत्रा आमचा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते मला स्वतःलाही पुन्हा पुन्हा सांगावं लागलं होतं. कणकवलीहून थोडं आत, काजूच्या बागेत एक संस्था आहे. अपंग माणसांच्या मदतीला कुत्री तयार करण्याचं काम ती करते. खाली पडलेली वस्तू उचलून हातात देणं, दार उघडणं, लावणं, दिव्याचं बटण नाकानं दाबणं, हाक मारली की जवळ येऊन घट्ट उभं राहणं म्हणजे माणसाला त्याच्या आधारानं सावरता येतं, अशी कामं. पिल्लू दोनेक महिन्यांचं झालं की संस्था ते एखाद्या घराला वर्षभरासाठी सांभाळायला देते. घरातली भांडी, बाजारातली गर्दी, एसटीचा आवाज, सगळ्याची सवय व्हावी म्हणून. वर्ष झालं की पिल्लू परत करायचं. मग त्याचं शिक्षण, मग परीक्षा, आणि पास झालं तर ज्याला गरज आहे त्याच्या घरी ते कायमचं जातं. सांभाळणारे आपण मधले.

मधला असण्याची मला सवय होती. मालवणच्या बसस्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो. काचेच्या खोलीत बसून कर्ण्यावरून गाड्यांची माहिती द्यायची, हीच माझी सगळी नोकरी. माइकसमोर मी शुद्ध बोलायचो. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." माइक बंद केला की खिडकीशी मालवणी. "गाडी खंय आसा?" म्हणून कुणी विचारलं की मी सांगायचो, "येता आसा." घाटात झाड आडवं पडून गाडी पलीकडेच अडकलेली असली, मला ती अडकल्याचं ठाऊक असलं, तरी "येता आसा." लोकही ते ऐकून पिशवी खाली ठेवायचे आणि बसायचे. त्यांना खोटं सांगतोय असं मला कधीही वाटलं नाही. कुणाला तरी थोडा वेळ धीर दिला, एवढंच वाटायचं.

निवृत्त झाल्यावर मी घरात गाड्या सोडायला लागलो, असं बायको सगळ्यांना सांगते. आंघोळीचं पाणी तापलं की म्हणे मी मोरीच्या दारात उभा राहून ते सुटण्याच्या तयारीत असल्याचं जाहीर करायचो. मला आठवत नाही. मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या आणि दिवसभर ऐकून घ्यायला ती एकटीच होती, हे मात्र खरं. संस्थेची माहिती तिनंच कुठूनतरी आणली. "तुमका आयकणारा कोण तरी होया," ती म्हणाली. "माझे कान आता दमले."

पिल्लू आलं ते टोपलीतून, भाजलेल्या रव्याच्या रंगाचं, कान अंगापेक्षा मोठे. सोबत एक वही आली. संस्थेत कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाई घाटावरच्या, तिशीतल्या, बोलायला गोड पण नियमाला कडक. त्यांनी वहीचं एकेक पान वाचून दाखवलं. ताटातलं देऊ नका. अंथरुणात घेऊ नका. शब्द चारच शिकवा: बस, थांब, ये, सोड. घरातल्या सगळ्यांनी हेच शब्द वापरा. आणि शेवटी: घराबाहेर पडताना कुत्र्याशी बोलू नका, निरोप घेऊ नका, सरळ निघा.

बाई गेल्यावर बायकोनं वही मिटली. "न सांगता जातत ती भांडान गेलेली माणसां," ती म्हणाली. "माझ्या घरात ह्या चालाचा नाय."

आमच्याकडे घरातून निघताना "जातंय" म्हणत नाहीत. "येतंय" म्हणतात, म्हणजे येतो. बाकीच्या महाराष्ट्रातही म्हणतातच, पण आमच्या घरात तो कायदा होता. लहानपणी एकदा शाळेत निघताना माझ्या तोंडून "जातंय" गेलं. आईनं मला फाटकातून परत बोलावलं, पायरीवर बसवलं, पाणी पाजलं, "येतंय" म्हणायला लावलं आणि मगच सोडलं. शाळेत उशीर झाल्याचा मार बसला तो निराळा. जाणारी माणसं म्हणजे जी परत यायची नसतात ती, आणि ती काही सांगून जात नाहीत, हे मला आईनं पायरीवरच समजावलं. त्या दिवसानंतर तो शब्द मी उच्चारला नव्हता. हे कुणाला अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे.

तर पहिल्याच दिवशी, दूध आणायला निघताना, मी चपलेत पाय सरकवत पिल्लाला म्हणालो, "येतंय रे." ते पायरीवर बसलं. मी परत आलो तेव्हा तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी बायको फुलं आणायला गेली, तिनंही तेच म्हटलं आणि तेही तसंच बसलं. महिन्याभरात त्याचं पक्कं झालं. "येतंय" ऐकलं की पायरी गाठायची, बूड टेकायचं, फाटकाकडे तोंड करायचं आणि गेलेलं माणूस दिसेपर्यंत हलायचं नाही. पाऊस असला तरी नाही. शेजारची मांजर नाकासमोरून गेली तरी नाही. जन्मभर मी "येता आसा" म्हणत आलो, पण माझा शब्द इतका खरा धरणारा मला कुणी भेटला नव्हता. मी त्याच्यासाठी म्हणून लवकर परत यायला लागलो. बंदरावर गजाली मारत बसायची माझी सवय त्यानं मोडली, बायकोला जे कधी जमलं नव्हतं.

नावाचाही घोळ झाला. संस्थेनं त्याला चांगलं नाव दिलं होतं, पण आमच्या जिभेवर ते बसेना. आम्ही नुसतं "रे" म्हणायचो. काय रे, खंय रे, जेवलंस रे. त्यानं "रे" हेच आपलं नाव समजून घेतलं. मासळी बाजारात दर दोन पावलांवर कुणी ना कुणी कुणाला तरी "रे" म्हणतंच, आणि हा प्रत्येकाकडे मान वळवून शेपूट हलवायचा, निवडून आलेल्या माणसासारखा. कोळणी त्याला ओळखायला लागल्या. स्टँडवर नेलं तर कर्णा सुरू झाला की तो आधी वर बघायचा, मग माझ्या तोंडाकडे. माझ्या जागी आता दुसरा आवाज होता. आवाज एकीकडून आणि मी दुसरीकडे, हे त्याला काही केल्या पटत नसे.

वहीतले चार शब्द मी त्याला माझ्या माइकच्या आवाजात शिकवले. सकाळी दहा मिनिटं, पाठ ताठ करून. बस. थांब. ये. सोड. उरलेला सगळा दिवस आम्ही मालवणीत राहायचो. जवळ बोलवायचं तर "हयसर रे," म्हणजे इकडे ये, आणि तो धावत यायचा. "ये" हा शब्द त्या दहा मिनिटांपुरता, बिस्किटासोबतचा. मला वाटलं दोन्ही येतात म्हणजे बरंच झालं. मुलांना नाही का घरची आणि शाळेची वेगळी शिकवत.

वर्ष संपलं. आम्ही दोघं त्याला घेऊन कणकवलीला गेलो. काजूला मोहोर आलेला होता आणि त्या वासानं सगळी बाग पेंगल्यासारखी वाटत होती. बाईंनी पट्टा हातात घेतला. मी काहीच ठरवलं नव्हतं. फाटकातून बाहेर पडताना तोंडातून आपोआप गेलं, "येतंय रे." तो लगेच बसला, फाटकाकडे तोंड करून. मी मोठ्या तोऱ्यात बाईंना म्हणालो, "बघा, शिस्त आहे त्याला."

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. तो फाटकाशीच बसून होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कसंबसं त्यानं पाणी प्यायलं. "नवीन जागा आहे काका, होईल सवय," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला. बायको भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही तिच्याकडे बघितलं नाही.

नंतरचे महिने माझ्या लक्षात धुक्यासारखे आहेत. दुपारी मी पडवीत पडायचो. पोटऱ्यांना गार वारा लागायचा. अर्ध्या झोपेत मला तो शेजारी असल्यासारखं वाटायचं, आणि मी पाय हलवायचो नाही, त्याची झोप मोडेल म्हणून. समुद्र लांब जायचा, जवळ यायचा. बायकोनं त्याचं भांडं घासून फळीवर पालथं घातलं होतं. ते तिथून काढू या, असं आम्हा दोघांपैकी कुणी म्हटलं नाही.

मग एके सकाळी बाईंनी बोलावलं. अडचण होती. तो सगळं शिकला होता. वस्तू उचलायचा, दार लावायचा, दिवे लावायचा. फक्त हाक मारली की यायचा नाही. बिस्कीट दिसलं तर यायचा, एरवी "ये" म्हटलं की होता तिथं बसायचा. कान तपासून झाले होते. भीती वाटते का, हट्टी आहे का, सगळं बघून झालं होतं. "शेवटची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे," बाई म्हणाल्या. "हाकेला न येणारा कुत्रा आम्ही देऊ शकत नाही. तुम्ही एकदा येऊन बघता का? आणि नापास झाला, तर तुम्ही त्याला परत न्याल का? आधी सांभाळणाऱ्या घरालाच विचारतो आम्ही."

"बघू," मी म्हणालो. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला. खरं सांगायचं तर कणकवलीच्या गाडीत बसताना माझ्या पोटात आनंद मावत नव्हता. बायको आली नाही. मी निघताना ती फळीवरचं भांडं धूत होती, धुतलेलंच भांडं.

बाईंनी मला आधी कुंपणाच्या जाळीमागे उभं केलं, त्याला मी दिसू नये म्हणून. तो मोठा झाला होता, छाती भरली होती. फणसाखाली चाकांच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. सव्वीस-सत्तावीसची, सावंतवाडीची. लाकडी खेळणी रंगवायचं काम करते, असं बाईंनी सांगितलं. अपघातानंतर पाय गेले आणि उजव्या हाताची पकड अर्धी राहिली. रंगवताना ब्रश हातातून निसटतो आणि मग बालवाडीत शिकवणारी आई घरी परत येईपर्यंत तो खालीच राहतो. दोन वर्षं ती संस्थेच्या यादीत होती, आणि हा कुत्रा तिच्यासाठीच तयार केला होता. मांडीवर फळीचा तुकडा आणि त्यावर लाकडी आंबा घेऊन ती रंगवत होती.

ब्रश निसटला. तो उठला, ब्रश हलकेच दातांत धरला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. मला अभिमान वाटला, आणि लगेच रागही आला, कुणाचा ते कळलं नाही.

मग बाई लांब जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ये."

तो बसला. पण मी बघितलं ते वेगळंच. बसताना त्यानं तोंड फिरवलं होतं. बाईंकडे नाही, मुलीकडे नाही, फाटकाकडे. कान पुढे, पाठ ताठ. आमच्या पायरीवर बसायचा तसा.

मला त्याच क्षणी कळलं. "ये" एवढं ऐकलं की पुढचं त्याचं तोच पूर्ण करत होता. येतंय. कुणीतरी बाहेर चाललंय, आणि आपण ते परत येईपर्यंत हलायचं नाही. हट्टी नव्हता, बहिरा नव्हता. माझा शब्द पाळत होता. बाईंना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी जाळीला धरून उभा राहिलो आणि बोललो नाही.

मी पुढे आल्यावर त्यानं मला बघितलं आणि जे काही केलं ते मी लिहिणार नाही. मुलगी शांतपणे आमच्याकडे बघत होती. त्याचा दंगा संपल्यावर तिनं आधी शुद्ध मराठीत विचारलं, "काका, तुमच्याकडे हाक मारल्यावर यायचा का तो?"

"येय मगे, धावत येय," मी म्हणालो.

माझी भाषा ऐकून तीही घरच्या भाषेवर आली. "ब्रश दिता, दार लायता, सगळा करता. पण हाक मारलंय काय बसता." तिनं आंबा उलटा करून त्याच्या देठाशी थोडा हिरवा लावला. "गेल्या वर्सा मी खुर्चेवरसून पडलंय. फोन टेबलार. आवस बालवाडीतसून येयसर पाच वाजले. तवसर जमनीरच. जमनीरसून मी छत बगी होतंय. म्हणान माका हाकेक येणारो होयो, काका. ब्रश काय, पडलो तरी चलता."

तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. मी "होय, होय" म्हणालो आणि पावणेतीनची गाडी पकडली.

गाडीत मी खिडकीशी बसलो. ऊन बाहेर साचून राहिलं होतं आणि गाडी त्यातून पोहत चालल्यासारखी वाटत होती. मला झोप लागली. स्वप्नात मी काचेच्या खोलीत होतो आणि समोर फलाटावर माणसं नव्हती, कुत्री होती. सगळी बसलेली, रव्याच्या रंगाची, तोंडं कर्ण्याकडे. मी माइकवर म्हणत होतो, गाडी येत आहे, गाडी येत आहे, आणि मला पक्कं ठाऊक होतं की गाडी नाही. एकही कुत्रा उठत नव्हता. मालवण आलं तेव्हा वाहकानं मला हलवून उठवलं. तो मला जुना ओळखणारा. "घरी जाऊचा मा?" त्यानं विचारलं.

दोन दिवस मी गप्प होतो. गप्प राहायला मला किती कष्ट पडतात हे बायकोला ठाऊक आहे, त्यामुळे तिला लगेच कळलं की काहीतरी आहे. दुसऱ्या दुपारी ती चहा घेऊन आली आणि चटईवर माझ्याशेजारी बसली, जी ती कधी बसत नाही. मी सगळं सांगितलं. फाटकाकडे तोंड करून बसतो तेही, मुलगी जमिनीवर पडून राहिली तेही.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. समुद्र तेव्हा ओहोटीला होता. मग म्हणाली, "म्हंजे तो अजून आमची वाट बगता."

"होय."

"आनी तुमका तो परत होयो."

"तुका नको?"

"माका होयो," ती म्हणाली. "म्हणानच भांडा धुतलंय. पण ता चेडू जमनीर पडान छत बगीत आसा, आनी मी हयसर तेका भात घालतंय, ह्या माका जमाचा नाय." तिनं माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

मी बाईंना सांगितलं. वहीतला निरोपाचा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून मोडला हेही सांगितलं.  त्या हसल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "अहो काका, आम्ही तीन महिने त्याचे कान तपासतोय." मग विचारलं, "तुम्ही बोलावताना काय म्हणायचात?"

"हयसर."

"म्हणजे?"

"म्हणजे हयसर," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार.

सावंतवाडीच्या मुलीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. परीक्षेच्या दिवशी ती बागेच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. तिनं आवाज न चढवता म्हटलं, "हयसर रे." बाई सांगतात, तो इतक्या जोरात धावला की खुर्चीला धडकायचा वाचला. पाच वेळा बोलावलं, पाचही वेळा आला. पास झाला. बातमी ऐकून बायकोनं देवापुढे साखर ठेवली आणि फळीवरचं भांडं माळ्यावर टाकलं.

त्याला मुलीच्या हाती सोपवायच्या दिवशी आम्हाला बोलावलं होतं. या वेळी दोघंही गेलो. काजूची फळं धरली होती, त्यांचा आंबूस वास होता. मुलगी आईबरोबर आली होती. तिच्या मांडीवर रंगवून पूर्ण झालेला लाकडी आंबा होता. तो तिनं बायकोला दिला. देठाशी बारीक दातांच्या खुणा होत्या. "तेना उचलल्यान," ती म्हणाली. "म्हणान ता तसाच ठेवलंय."

निघायची वेळ झाली तेव्हा बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, या वेळी काही बोलू नका. सरळ निघा. तो शब्द त्याच्या कानावर पडला तर तो तिच्या दारात बसून तुमची वाट बघेल."

त्यांचं बरोबर होतं. मी मान हलवली आणि वळलो. बायको हलली नाही.

"न सांगता जावचा नाय," ती म्हणाली.

"बाई काय सांगतत आयकलंस मा?"

"आयकलंय. सांगान जावा. पण खरा ता सांगा."

 तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. मला आईची पायरी आठवली, पाण्याचा तांब्या आठवला. साठी उलटलेला माणूस मी, आणि एका कुत्र्यासमोर एक शब्द बोलायला माझी जीभ उचलेना. मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो. त्याचा कान हातात घेतला, आतून मऊ, बाहेरून थोडा खडबडीत, जसा होता तसाच.

"जातंय रे," मी म्हणालो.

तो बसला नाही. मान थोडी कलती करून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आमच्या घरातले सगळे शब्द त्याला येत होते, पण हा शब्द आमच्या घरात कुणी बोललंच नव्हतं. त्याचा अर्थ काय, कुठं बसायचं, किती वेळ, त्याला काहीच सांगता येईना. मी पुढचं काही बोलेन म्हणून तो थांबला होता. पुढचं काही नव्हतं. मी तेच पुन्हा एकदा म्हटलं, जरा हळू.

मागून मुलीनं बोलावलं, "हयसर रे."

त्याचा कान माझ्या हातातून फिरला. मग मान, मग सगळा तो. तो तिच्याकडे गेला आणि तिच्या खुर्चीला लागून उभा राहिला. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. मी मागे बघितलं. तो फाटकाकडे बघत नव्हता, मुलीच्या हाताकडे बघत होता. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. बायकोनं माझी बाही धरून ठेवली.

घरी पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. चहा झाला. लाकडी आंबा तिनं फळीवर भांड्याच्या जागी ठेवला. उन्हं उतरली तशी ती बंदरावर मासळी आणायला निघाली. दारात चपला घालताना, सवयीनं, मागे न बघता म्हणाली, "येतंय हां."

मी पडवीतून उठलो, पायरीवर जाऊन बसलो, फाटकाकडे तोंड करून. ती येईपर्यंत तिथंच होतो.